लेकराचं माणूस कोण?

प्रस्तावना

मेरी एन्सवर्थ 1954 साली युगांडाला पोचल्या तेव्हा त्यांच्या हाताशी ना प्रयोगशाळा होती, ना एकतर्फी काच लावलेली निरीक्षणाची खोली. पतीला कंपालातल्या संशोधन संस्थेत जागा मिळाली म्हणून त्या तिथे गेल्या. त्याआधी लंडनमध्ये जॉन बोल्बी यांच्या गटात त्यांचं काम झालं होतं, आणि लहान लेकराची आईपासून ताटातूट झाली तर काय होतं, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात पक्का बसला होता. कंपालाच्या आसपासच्या गांडा लोकांत एक जुनी रीत होती. अंगावरचं दूध तोडायची वेळ आली की लेकराला आजीकडे पाठवून द्यायचं. ही ताटातूट जवळून पाहावी असा त्यांचा बेत होता. गावांत फिरल्यावर कळलं, की ती रीत बऱ्याच घरांतून उठून गेली आहे. मग त्यांनी बेत बदलला आणि नातं जुळतं कसं तेच पाहायला सुरुवात केली. 26 घरं, 28 बाळं. दर पंधरवड्याला एक भेट, भेटीत दोनेक तास, सोबत दुभाषी बाई. असं सुमारे नऊ महिने चाललं.

अनुबंध सिद्धान्ताचं, म्हणजे सगळीकडे ज्याला अ‍ॅटॅचमेंट थिअरी म्हणतात त्याचं, पहिलं मोठं प्रत्यक्ष निरीक्षण असं खेड्यातल्या घरांत बसून झालं. अकोला जिल्ह्यातल्या बार्शीटाकळीत बसून या पुस्तकाची प्रस्तावना लिहिताना मला सगळ्यात आधी हेच सांगावंसं वाटलं. आमच्या तालुक्यात दुसरं बाळंतपण जवळ आलं की थोरल्याला मामाच्या गावी ठेवतात. कापूस वेचणीच्या दिवसांत आई सकाळीच वावरात जाते आणि लेकरू आजीच्या, आत्याच्या, नाहीतर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर दिवस काढतं. गावातल्या मुसलमान मोहल्ल्यात हेच काम नानी आणि खाला करतात. वर्गात हा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, ‘मॅडम, हे तिकडचं आहे, आपल्याकडे कुठं असं असते?’ त्या मुलामुलींना मी युगांडाचं सांगते. एन्सवर्थ ज्या घरांत बसल्या ती घरं, त्यांनी पुढे अमेरिकेत ज्यांची निरीक्षणं केली त्या बाल्टिमोरच्या बंगल्यांपेक्षा, आमच्या तालुक्यातल्या पिंजर आणि महानच्या घरांना जवळची होती. पाठ्यपुस्तकांत मात्र हा विषय बाल्टिमोरच्या निरीक्षणाच्या खोलीपासून सुरू होतो आणि युगांडाच्या वाट्याला एखादं वाक्य येतं. माझ्या मते आपल्याकडे हा विषय परका वाटतो तो या क्रमामुळे. म्हणून या पुस्तकात क्रम उलटा ठेवला आहे.

आता सिद्धान्त थोडक्यात. बोल्बी यांचा जन्म 1907 चा, लंडनच्या नामांकित शल्यचिकित्सकाच्या घरातला. त्या वर्गाच्या रिवाजाप्रमाणे आई दिवसातून तासभर भेटायची, बाकी सगळं दाईच्या हाती. ज्या दाईचा त्यांना लळा होता ती ते चार वर्षांचे असताना घर सोडून गेली. ती खंत त्यांनी पुढे बोलून दाखवली होती. बालमार्गदर्शन केंद्रात काम करताना त्यांनी चोऱ्या करणाऱ्या 44 मुलामुलींचा अभ्यास केला, तो 1944 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतली 14 मुलं कोणाविषयीच माया न वाटणारी अशी होती, आणि त्या 14 पैकी 12 मुलांची अगदी लहानपणी आईपासून दीर्घ ताटातूट झालेली होती. आकडे लहान होते, तुलनेची पद्धत कच्ची होती, आणि या अभ्यासावर टीकाही भरपूर झाली. पण प्रश्न योग्य ठिकाणी पडला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपभर आईबापांवाचून राहिलेल्या मुलांचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने बोल्बींनाच अहवाल लिहायला सांगितला. तो 1951 मध्ये आला. पुढे 1969 ते 1980 या काळात तीन खंडांत त्यांनी सिद्धान्त मांडला.

गाभा सोपा आहे. लेकरू आईला चिकटतं ते दुधासाठी, असं तोपर्यंत मनोविश्लेषणवालेही मानत होते आणि वर्तनवादीही. बोल्बी म्हणाले, की भुकेसारखीच जवळीक ही स्वतंत्र गरज आहे. भीती वाटली, दुखलं, थकवा आला की लेकरू ठरावीक माणसाकडे धाव घेतं, आणि ते माणूस जवळ आहे याची खात्री असली की तेच लेकरू दूरवर जाऊन खेळतं. हॅरी हार्लो यांनी 1958 मध्ये याला दुसऱ्या बाजूने पुरावा दिला. माकडाच्या पिलांना त्यांनी दोन ‘आया’ दिल्या, एक तारेची, दुधाची बाटली लावलेली, आणि एक मऊ कापडाची. पिलं दूध पिण्यापुरती तारेकडे जायची आणि उरलेला वेळ कापडाला बिलगून बसायची. त्या काळी अमेरिकेच्या प्रयोगशाळांत लागणारी ऱ्हीसस माकडं हजारोंनी भारतातून जात. 1978 मध्ये भारताने ही निर्यात बंद केली. आईवाचून एकटी वाढवलेली पिलं पुढे कशी झाली, कोपऱ्यात बसून स्वतःला कशी चावत राहिली, याची वर्णनं वाचवत नाहीत. त्या प्रयोगांतून मिळालेलं ज्ञान शिकवताना त्या पिलांनी सोसलेलंही सांगावं, असं मी मानते.

युगांडातून एन्सवर्थ बाल्टिमोरला गेल्या आणि तिथेही त्यांनी 26 कुटुंबांच्या घरी वर्षभर जाऊन निरीक्षणं केली. प्रत्येक भेट चार तासांची. वर्षाच्या शेवटी आई आणि बाळ विद्यापीठातल्या एका खोलीत यायचे. खोलीत खेळणी असायची. एक अनोळखी बाई आत यायची, आई बाहेर जायची, परत यायची, मग लेकरू पूर्ण एकटं राहायचं, पुन्हा अनोळखी बाई, पुन्हा आई. असे आठ प्रसंग, बहुतेक तीन-तीन मिनिटांचे. हीच ती सुप्रसिद्ध ‘स्ट्रेंज सिच्युएशन’. आई गेल्यावर लेकरू किती रडलं यापेक्षा ती परत आल्यावर त्याने काय केलं, याला इथे महत्त्व. आईकडे जाऊन, शांत होऊन पुन्हा खेळायला लागलं तर सुरक्षित अनुबंध. तिच्याकडे पाठ फिरवून खेळण्यात गुंतलं तर टाळणारा. चिकटूनही समजूत पटेना, रडता रडता ढकलूनही दिलं, तर द्विधा. चौथा, विस्कळीत प्रकार पुढे मेरी मेन आणि जुडिथ सॉलोमन यांनी जोडला. विद्यार्थी परीक्षेपुरते हे चार प्रकार पाठ करतात आणि विषय संपला असं समजतात.

एन्सवर्थना सगळ्यात मोठी गोष्ट सापडली होती ती घरांत. वर्षभर ज्या आया बाळाच्या खुणा ओळखून वेळेवर आणि नेमका प्रतिसाद देत होत्या, त्यांची बाळं त्या खोलीत सुरक्षित दिसली. युगांडातही त्यांना एक गोष्ट दिसली होती आणि मला ती फार मोलाची वाटते. ज्या आईला आपल्या बाळाविषयी बारीकसारीक सांगता येई, ते कधी काय करतं, कशाने शांत होतं, हे जी भरभरून आणि नेमकं सांगे, तिच्या बाळाचा अनुबंध बहुधा सुरक्षित असे. माया मोजायला काही नसताना त्यांनी माहिती मोजली.

हे मला आमच्या तालुक्यातल्या एका घरात लख्ख दिसलं. वेचणीचे दिवस होते. चौदा-पंधरा महिन्यांचा मुलगा अंगणात कोंबड्यांच्या मागे लागलेला. आईने डोक्याला रुमाल बांधला, डबा घेतला आणि सासूला हळूच म्हणाली, ‘आत्याबाई, त्याले तिकडं न्या, दिसू देऊ नोका, नाई त मांगं लागन.’ आजीने त्याला उचलून गोठ्याकडे नेलं, आई मागच्या दाराने निघून गेली. पाच-सात मिनिटांनी मुलगा परत आला, चुलीपाशी गेला, आतल्या खोलीत डोकावला, दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. रडला नाही. आजीने हाक मारली तेव्हा तिच्याकडे गेला आणि तिच्या लुगड्यात तोंड खुपसून बराच वेळ तसाच राहिला. दिवसभरात तो आजीच्या नजरेच्या टप्प्याबाहेर एकदाही गेला नाही. दुपारी आजी मला म्हणाली, ‘झोप आली का तो कान ओढते. डावा. उजवा ओढला का समजाचं भूक लागली.’ संध्याकाळी आई आली. ‘तुही माय आली पाय,’ आजी म्हणाली. मुलाने आईकडे पाहिलं आणि मान फिरवून कोंबडीच्या पिसाशी खेळत राहिला. आईने हातपाय धुतले, ओट्यावर येऊन बसली, त्याला बोलावलं नाही. थोड्या वेळाने तो आपणहून आला, तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं आणि दुसऱ्या हाताने आजीची बोटं चाचपत राहिला.

बाल्टिमोरच्या खोलीतली मोजपट्टी लावली तर या मुलाला ‘टाळणारा’ म्हणावं लागेल, कारण आई आल्यावर त्याने मान फिरवली. पण ती मोजपट्टी तीन मिनिटांच्या दुराव्यासाठी आहे, दहा तासांच्या नव्हे. शिवाय तिच्यात आजीला जागाच नाही. हा मुलगा दिवसभर ज्या माणसाला धरून होता ते माणूस खोलीच्या बाहेर ठेवायचं आणि मग त्याचा अनुबंध तपासायचा, हे कसं चालेल? आईच्या बाजूनेही एक गोष्ट टिपण्यासारखी आहे. नजर चुकवून निघून जाणं ही आपल्याकडची घरोघरची रीत. लेकरू रडू नये म्हणून केलेली, चांगल्या मनाने केलेली. पण त्यामुळे आई कधी नाहीशी होईल याचा लेकराला अंदाज येत नाही. सांगून गेलं तर ते रडतं, पण जाणं आणि येणं यांची सांगड त्याच्या मनात बसते. अशा प्रश्नांवर आमच्या भागात अभ्यास व्हायला हवा, आणि तो इथल्या विद्यार्थ्यांनीच करायला हवा.

मोजपट्टीबद्दल आणखी थोडं, कारण संशोधन करू पाहणाऱ्यांची गाडी इथेच अडते. 1988 मध्ये व्हॅन आयझेनडोर्न आणि क्रूनेनबर्ग यांनी आठ देशांतल्या 32 अभ्यासांचा, जवळपास 2000 मुलांच्या निष्कर्षांचा एकत्र आढावा घेतला. सरासरी दोन तृतीयांशाच्या आसपास मुलं सुरक्षित निघाली, आणि देशादेशांतल्या फरकापेक्षा एकाच देशातल्या वेगवेगळ्या अभ्यासांमधला फरक मोठा होता. त्या आठ देशांत भारत नव्हता. चीन होता, जपान होता, इस्रायल होता. जपानमधल्या साप्पोरोच्या अभ्यासात एकही ‘टाळणारं’ बाळ सापडलं नाही आणि द्विधा बाळं जवळपास एक तृतीयांश निघाली. जर्मनीतल्या बीलेफेल्डला उलट चित्र, जवळपास निम्मी बाळं टाळणारी. याचा अर्थ साप्पोरोच्या आया गोंधळलेल्या आणि बीलेफेल्डच्या कोरड्या, असा मुळीच नाही. जपानी बाळ तोपर्यंत आईवाचून एकटं कधी राहिलेलंच नसतं, त्यामुळे ज्या तीन मिनिटांत हलका ताण अपेक्षित आहे त्यांत त्याच्यावर आभाळ कोसळतं. जर्मन घरांत लेकराने लवकर आपल्या पायावर उभं राहावं अशी अपेक्षा असते.

आमच्याकडचं लेकरू रात्री आईच्या कुशीत आणि दिवसा कोणाच्या तरी कडेवर असतं. बंद खोलीत एकटं राहण्याचा प्रसंग त्याच्यावर जन्मात आलेला नसतो. शिवाय हातात वही आणि खांद्याला पिशवी असलेली अनोळखी बाई तालुक्यातल्या लेकरांना चांगली ठाऊक आहे. ती लस टोचणारी सिस्टर असते. आमच्या विद्यार्थिनी निरीक्षणाला गेल्या की कितीतरी बाळं पिशवी पाहूनच भोकाड पसरतात. ते रडणं अनोळखी माणसाच्या भीतीचं की सुईच्या आठवणीचं, हे वेगळं काढता येत नसेल तर त्या आकड्यांना अर्थ राहत नाही. म्हणून पिशवी बाहेर ठेवून, आधी दोन-तीनदा नुसतं बसून येऊन मग वही उघडायची, असा नियम मी विद्यार्थ्यांना घालून देते.

सिद्धान्ताचा गाभा मात्र यामुळे ढासळत नाही. एक आई की अनेक आया, हा वाद जुना आहे. बोल्बींनी सुरुवातीला एका मुख्य माणसावर जास्त भर दिला. 1964 मध्ये शॅफर आणि इमर्सन यांनी ग्लासगोतल्या 60 बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दीड वर्षाच्या वयापर्यंत बहुतेक बाळांची एकाहून अधिक माणसांशी घट्ट नाती जुळलेली होती, आणि बऱ्याच बाळांचं सगळ्यात जवळचं माणूस त्यांचं खाणंपिणं-न्हाऊमाखू करणारं माणूस नव्हतंच. भारतात सुधीर कक्कर यांनी 1978 च्या आपल्या ‘द इनर वर्ल्ड’ या पुस्तकात भारतीय घरातल्या आई आणि मुलाच्या दीर्घ जवळिकीचं चित्र काढलं. सुझन सेमूर यांनी भुवनेश्वरच्या घरांत अनेक बायका मिळून एक मूल कसं वाढवतात हे वर्षानुवर्षं पाहिलं. यातून माझा निष्कर्ष असा, की लेकराला माणसं अनेक चालतात, पण ती ठरलेली हवीत, ओळखीची हवीत आणि उद्याही असायला हवीत. दोन-तीन माणसांत वाटलेली माया लेकराला कमी पडत नाही. रोज नवा हात आला तर मात्र ते कोणाचंच राहत नाही.

हा निष्कर्ष आयांच्या बाजूचा आहे, आणि ते मला मुद्दाम सांगायचं आहे. 1951 च्या अहवालाचा जगभर जो अर्थ लावला गेला तो बायकांना फार महागात पडला. आई कामाला बाहेर पडली की लेकरू बिघडलं, असं पुष्कळांनी त्यातून काढलं. 1962 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच या विषयाचा फेरविचार प्रसिद्ध केला, त्यात एन्सवर्थ यांनी नीट फोड करून सांगितलं, की दिवसाचा काही वेळ दुसऱ्या माणसाकडे राहणं आणि माया न मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. वऱ्हाडातली बाई निंदणाला, वेचणीला जाते ती हौसेने नव्हे. तिच्या मजुरीवर चूल पेटते. तिला ‘तुझ्यामुळे लेकराचं नुकसान होतंय’ असं सांगायला मानसशास्त्र वापरलं जाणार असेल, तर तो विषय न शिकवलेला बरा. विचारायचं ते शासनाला विचारायला हवं. वेचणीच्या दिवसांत अंगणवाडी किती तास उघडी असते? तीन वर्षांखालच्या लेकराला दिवसभर कुठे ठेवायचं? एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली, त्यांत आपल्या अमरावती जिल्ह्यातलं धारणी होतं. पन्नास वर्षं झाली. आहार, वजन, लस यांच्या नोंदी आपण शिकलो. लेकरू कोणाकडे झेपावतं याची नोंद कोणत्याच रजिस्टरात नाही.

ताटातुटीच्या बाबतीत आपल्या रीतीभातींनी काही गोष्टी आधीच सांभाळल्या होत्या. बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी 1952 मध्ये एका दोन वर्षांच्या मुलीचे इस्पितळातले आठ दिवस चित्रित केले. त्या काळी इंग्लंडमधल्या अनेक इस्पितळांत आईबापांना आठवड्यातून एखाद्या वेळी भेटू देत. ती गुणी पोर रडू दाबत, दिवसेंदिवस मूक होत जाते. तो माहितीपट पाहून डॉक्टर आधी चिडले, पण पुढे 1959 च्या प्लॅट अहवालाने भेटीचे नियम सैल करायला सांगितले. अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात आजारी लेकराच्या खाटेखाली आई चटई टाकून झोपलेली असते आणि आजी डबा घेऊन दाराशी. इंग्लंडला जे चळवळ करून मिळवावं लागलं ते आपल्याकडे गरिबीने आणि मायेने टिकवून ठेवलं.

दुसरीकडे आपणच मोठ्या ताटातुटी उभ्या केल्या आहेत. मेळघाटातलं सहा वर्षांचं कोरकू मूल आश्रमशाळेत जातं तेव्हा त्याचं घर, भाषा आणि माणसं एकाच दिवशी सुटतात. तिथल्या एखाद्या मावशीचा त्याला लळा लागतो आणि तिची बदली होते. आश्रमशाळांविषयी आपण इमारत, जेवण, निकाल यांवर बोलतो. माणसं किती वेळा बदलली यावर कोणी बोलत नाही. रुमानियात बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या 136 मुलांवर 2000 नंतर जो अभ्यास झाला त्यात काही मुलांना पालक कुटुंबांत ठेवलं गेलं. दोन वर्षांच्या आत जी मुलं घरात गेली त्यांच्यात सुधारणा सगळ्यात ठळक होती. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना हाच विचार धरून चालते. आईबाप गेलेलं किंवा ज्याचे आईबाप त्याला सांभाळू शकत नाहीत असं मूल संस्थेत न टाकता आजी, काका, मामा यांच्याकडेच राहावं म्हणून महिना 2250 रुपये. ज्या घरात कर्जापायी बापाने जीव दिला त्या घरातलं मूल या योजनेमुळे आपल्या माणसांत राहू शकतं. तालुक्यात अजून कितीतरी घरांना तिचं नावही ठाऊक नाही.

आणि वझ्झर. अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेली दिव्यांग, मूकबधिर, मतिमंद मुलं वाढवली. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बाप म्हणून स्वतःचं नाव त्यांनी 123 मुलांना दिलं. त्यांतली एक दृष्टिहीन मुलगी त्याच वर्षी राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली, तिच्या नावामागेही पापळकरच लागतं. पण मला त्यांच्या कामातली अनुबंधाच्या दृष्टीने सगळ्यात मोठी वाटते ती त्यांची एक मागणी. कायद्याप्रमाणे वय 18 झालं की मुलाला बालगृह सोडावं लागतं. बाबा विचारत राहिले, की घरातल्या मुलाला अठरा वर्षं झाली म्हणून बाप बाहेर काढतो का? बोल्बींनी तीन खंडांत जे लिहिलं त्यातला कायमच्या आधाराचा भाग इतक्या सोप्या शब्दांत मी दुसरीकडे कुठे ऐकला नाही.

आमच्या भागातली महाविद्यालयं ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत ते 1983 मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं आणि त्याला नाव आहे संत गाडगेबाबांचं. पुढे गाडगेबाबा झालेला डेबूजी लहान असताना त्याचे वडील गेले. आई त्याला घेऊन माहेरी आली, आणि तो मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी, मामाची गुरं राखत वाढला. बाबांच्या मनाचं विश्लेषण करण्याचा मला अधिकार नाही. पण बाप गेलेल्या लेकराला मामाचं घर सामावून घेतं, ही गोष्ट आपल्या विद्यापीठाच्या नावातच आहे, आणि मामाच्या घरी वाढलेल्या मुलांवरचा एखादा नीट प्रबंध याच विद्यापीठात व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

शिकवण्याबद्दल एक काळजी बोलून दाखवते. 1987 मध्ये हेझन आणि शेवर यांनी डेन्व्हरच्या एका दैनिकात प्रश्नावली छापून प्रौढांच्या प्रेमसंबंधांना अनुबंधाचे तीन प्रकार लावून पाहिले. तिथून सुरू झालेलं संशोधन गंभीर आहे, पण मोबाइलवरच्या रील्समधून ते मुलामुलींपर्यंत पोचतं ते शिक्क्याच्या रूपात. ‘मी अ‍ॅव्हॉइडंट आहे’, ‘माझी आई अशी होती म्हणून मी असा झालो’. विसाव्या वर्षी स्वतःवर असा शिक्का मारून घेणं मला फार धोक्याचं वाटतं. लहानपणचा अनुबंध पुढच्या नात्यांवर परिणाम करतो, हे खरं. तो जन्मठेप नसतो, हेही तितकंच खरं. चांगली मैत्रीण, समजून घेणारा जोडीदार, एखादे शिक्षक यांच्यामुळे माणसं बदलतात. आपल्या वाट्याला आलेलं कठीण बालपण नीट समजून सांगता येणारी माणसं पुढे स्वतःच्या मुलांना सुरक्षित अनुबंध देऊ शकतात, हे मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतलेल्या मुलाखतींतून पुढे आलेलं आहे.

या पुस्तकातली पहिली तीन प्रकरणं सिद्धान्ताची आहेत, ती वर्गात वाचावीत. चौथ्यापासून निरीक्षणाच्या पद्धती आहेत, त्या वाचून समजणाऱ्या नाहीत. कान्हेरी सरप असो, धाबा असो, बार्शीटाकळीतली एखादी गल्ली असो, एक घर निवडा. आधी घरच्यांची परवानगी घ्या, कशासाठी आलो ते त्यांच्या भाषेत सांगा आणि घरच्यांची नावं वहीत लिहू नका. दोन तास बसा. चहा दिला तर प्या. लेकराला कडेवर घ्यायची घाई करू नका. पडलं, घाबरलं, झोप आली तेव्हा ते कोणाकडे गेलं, एवढंच तारीख-वेळ घालून लिहा, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच घरी जा.